कांद्याला मधपेट्या भाड्यानं अन् शेजारच्या धुऱ्याला काडी! वावरातली मधमाशी जगणार कशी?

होळी झाली. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली भागात कांदा बियाण्याच्या वावरात पांढरे गोंडे फुलून उभे आहेत. ज्यांनी बियाण्याचा कांदा घेतलाय, त्यांचं सध्या एकच लक्ष असतं. सकाळी दहा वाजता वावरात मधमाशी फिरते का नाही? कोणी गुळाचं पाणी शिंपडतं, कोणी मधपेट्या भाड्यानं आणून ठेवतं. पेट्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर नंबर लावून वाट बघायची.

अन् याच दिवसांत, त्याच वावराला लागून असलेला धुरा पेटलेला दिसतो. वाळलेलं गवत, बोरीच्या फांद्या, तरवडाची झुडपं, सगळं काळं ठिक्कर. धुरा साफ झाला म्हणून मालक खूश. ज्या माशीसाठी आपण पैसे मोजतो, तिचं घरदार आपणच पन्नास फुटांवर जाळतोय, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

आज बोलायचंय ते याच धुऱ्याबद्दल, अन् घरामागच्या परसाबद्दल. तिथं कोणती झाडं असली तर माशी, फुलपाखरू, पाखरं टिकतात अन् कोणती असली तर नुसतंच हिरवं दिसतं, हे समजून घेऊ. ‘झाडे लावा’ हे तर शाळेच्या भिंतीवर लिहिलेलंच आहे. पण कोणतं झाड, कुठं अन् कशासाठी, ते भिंतीवर लिहिलेलं नसतं.

कांद्याच्या गोंड्यात नेमकं होतं काय

कांद्याचा एक गोंडा म्हणजे एक फूल नाही. त्यात शेकड्यानं बारीक फुलं असतात अन् ती एकदम उमलत नाहीत. दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक बारीक फुलात आधी पराग बाहेर पडतो. त्याच फुलाची स्त्रीकेसराची टोकी पराग घ्यायला तयार होते ती नंतर. म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग स्वतःच्या कामाला येत नाही. दुसऱ्या फुलावरून कोणीतरी तो आणून द्यावा लागतो. वाऱ्यानं हे काम नीट होत नाही. ते माशीच करते.

माशी आली नाही तर गोंडा दिसायला भरगच्च, पण चोळला की फोल. मळणीच्या दिवशी कळतं, तोवर काही करता येत नाही.

आता एक अडचण बघा. कांद्याच्या फुलातला रस माशीला फारसा आवडीचा नाही. शेजारी त्याच वेळी मोहरी फुललेली असेल तर ती कांदा सोडून तिकडं जाते. म्हणून काही जण म्हणतात, धुऱ्यावर फुलझाडं नकोतच, माशी तिकडं पळेल. बोलण्यात अर्धं खरं आहे. कांदा फुलात असताना शेजारी दुसऱ्या फुलांचा बाजार भरलेला नसावा, हे बरोबर. पण कांदा फुलतो महिनाभर. उरलेले अकरा महिने माशीनं खायचं काय? ती अकरा महिने जगली तरच फेब्रुवारीत तुमच्या वावरात येईल ना.

माशीचं बारा महिन्यांचं पोट

आपल्याकडं पिकांची फुलं कधी असतात ते आठवा. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलतं, त्यापाठोपाठ पऱ्हाटी. दिवाळीनंतर तूर पिवळी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा. त्यानंतर एप्रिल, मे, जून, जुलै हे चार महिने वावरात फुलाच्या नावानं शून्य. उन्हाळी भुईमूग, तीळ असला तर तेवढाच.

या चार महिन्यांचा दुष्काळ आपली जुनी झाडं भागवायची. मार्च-एप्रिलात कडुनिंब बारीक पांढऱ्या फुलांनी भरतो. करंज एप्रिल-मेमध्ये फुलतो, अन् फुललेल्या करंजाखाली उभं राहिलं की वर नुसता घुंईऽऽ आवाज येतो. त्याच सुमाराला बहावा पिवळा होतो. मे-जूनमध्ये चिंचेला फूल येतं, ते बारीक असल्यानं आपल्याला दिसत नाही, माशीला दिसतं. पाऊस पडला की बाभळीचे पिवळे गेंद. पुढं खैर, हिवर अन् पावसाळा सरता सरता बोर. बोरीचं फूल हिरवट, कोणी फोटो काढणार नाही असं. पण त्यावर मधमाश्या, गांधीलमाश्या, नाना तऱ्हेच्या माश्यांची जी गर्दी असते ती एकदा उभं राहून बघावी. तरवड तर पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत थोडा थोडा फुलतच राहतो.

म्हणजे निसर्गानं वेळापत्रक लावलेलं होतं. एक संपलं की दुसरं. धुरे रुंद होते तोवर ते चालू राहिलं. मग वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आला, धुरा चार फुटाचा दीड फूट झाला. बोरी-बाभळी गेल्या. आता वेळापत्रकात मोठी भोकं पडली आहेत. त्या भोकांच्या काळात माशी एकतर मरते, नाहीतर ज्ञानगंगेच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगराकडं जाते.

मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या मोहोळ आठवतं, किंवा पेटीतली माशी. पण परागाचं काम करणाऱ्या माश्या त्याहून कितीतरी जास्त प्रकारच्या आहेत. झुडपात छोटं मोहोळ करणारी फुलोरी माशी आहे. जुन्या भिंतीच्या भोकात राहणारी बारीक, न चावणारी पोयाची माशी आहे. अन् एकेकट्या राहणाऱ्या माश्या तर किती तरी. त्यांना राणी नाही, मोहोळ नाही. एक मादी जमिनीत बोटभर भोक पाडते, नाहीतर वाळक्या पोकळ काडीत शिरते, तिथं परागाचा गोळा ठेवून अंडं घालते अन् तोंड बंद करते. काळा मोठा भोंगा वाळक्या लाकडात, बांबूत भोक पाडून राहतो, तो हाच प्रकार. तुरीच्या, गुलाबाच्या पानाला कडेनं गोल कातरल्यासारखं दिसलं तर तो रोग नसतो. पानं कातरून घरट्याला अस्तर लावणारी माशी असते ती. तिच्यावर फवारणी करू नका.

या एकट्या माश्यांमधल्या लहान माश्या लांब उडत नाहीत. काहीशे मीटर, बस. तेवढ्या अंतरात घर अन् खाणं दोन्ही पाहिजे. न नांगरलेली जमीन, वाळक्या काड्या, जुनं लाकूड हे सगळं एकत्र कुठं मिळतं? धुऱ्यावर. म्हणून धुरा पेटवला की गवत तर पुढच्या पावसात परत येतं, पण काडीतल्या अन् ओंडक्यातल्या अळ्या भाजून जातात. सोबत सरड्याची, तितराची अंडी जातात ती वेगळी.

मग कोणतंही झाड का चालत नाही?

हा खरा प्रश्न आहे. कारण झाडं तर आपण लावतोच. ग्रामपंचायतीसमोर गुलमोहर आहे, शाळेत पेल्टोफोरम आहे, रस्त्याच्या कडेला निलगिरी आहे, वावराच्या कडेला सुबाभूळ आहे. हिरवं आहे की.

गुलमोहर आला मादागास्करहून. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. सुबाभूळ अन् गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचे. यांच्यावर माश्या येतच नाहीत असं नाही. निलगिरीच्या फुलावर येतात, गिरिपुष्पाच्या फुलावरही येतात. घाणेरीच्या फुलावर तर फुलपाखरांची झुंबड असते. फुलातला रस तसा कोणाचाही चालतो.

पान मात्र ज्याचं त्यालाच चालतं. गोम इथं आहे. प्रत्येक झाड पानात कसलं ना कसलं कडू, विषारी रसायन ठेवतं, किड्यांनी खाऊ नये म्हणून. ते पचवायला एखाद्या जातीच्या अळीला हजारो वर्षं त्या झाडासोबत राहावं लागतं. त्यामुळं बऱ्याच अळ्या एका-दोन जातीच्या झाडांवरच वाढतात. बाहेरून आलेल्या झाडाचं पान इथल्या अळीला परकं असतं. म्हणून गुलमोहराचं पान सहसा कुरतडलेलं दिसत नाही. आपल्याला वाटतं झाड निरोगी आहे. खरं म्हणजे त्याच्यावर जेवायला कोणी बसलेलंच नाही.

रुईचं उदाहरण घ्या. तिचा चीक विषारी, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पण काळ्या किनारीचं केशरी फुलपाखरू आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, त्याची अळी रुईच खाते. ते विष अंगात साठवते. पुढं फुलपाखरू झालं तरी विष अंगात राहतं, म्हणून पाखरं त्याच्या नादी लागत नाहीत. शनिवारी मारुतीला पानं लागतात तेवढ्यापुरती रुई आपल्या लक्षात असते. बाकी दिवस ती उपटून टाकायची गोष्ट. रुई गेली की ते फुलपाखरूही गेलं.

घरामागं कडीपत्ता असेल तर त्याच्या पानावर कधी पाखराच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. हात लावला की हलतं. ती फुलपाखराची अळी असते, पाखरानं खाऊ नये म्हणून शिटेचं सोंग घेतलेली. मोठी झाली की हिरवीगार होते. कडीपत्ता, लिंबू, बेल ही एकाच कुळातली झाडं, अन् या कुळावर काळ्या-पिवळ्या मोठ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. २०१५ मध्ये आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून जाहीर झालेली राणी पाकोळी, तिच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतात. लिंबाची बाग असेल तर ही अळी नुकसान करते, तिथं बंदोबस्त करावाच लागतो. पण परसातल्या एका कडीपत्त्याची चार पानं गेली तर कढीला काही कमी पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अळ्या वाढवून आम्हाला करायचंय काय? आम्ही तर अळी मारायला हजारो रुपयांची औषधं आणतो.

चिमणी दाणे खाते हे आपल्याला माहीत आहे. पण तिची घरट्यातली पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत. त्यांना मऊ अळ्या, किडे लागतात. सुगरणीचंही तसंच. साळुंकी, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, बहुतेक सगळी लहान पाखरं पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात, दिवसभर, चोचीत घालून घालून. अन् ही सगळी विणीच्या काळात वर्षभर तुमच्या हरभऱ्याची घाटेअळी येईपर्यंत थांबत नाहीत. हरभऱ्यावर अळी येते हिवाळ्यात. पाखरांची वीण मुख्यतः उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. त्या काळात धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीवर अळी-किडा मिळाला तर पिल्लं जगतात, अन् तीच पाखरं पुढं हिवाळ्यात तुमच्या हरभऱ्यात उतरतात. कृषी विभाग हरभऱ्यात पक्षी थांबे लावायला सांगतो, काठीला आडवी काठी बांधून. थांबा चांगलाच आहे. पण बसायला पाखरूच शिल्लक नसेल तर त्या काठीचा काय उपयोग?

एक गोष्ट मात्र साफ सांगतो. परदेशी म्हणजे वाईट असं सरळ गणित नाही. मिरची, टमाटा, सीताफळ, भुईमूग ही सगळी अमेरिकेहून आलेली पिकं आहेत अन् आपण त्यांच्यावर जगतो. भांडण परदेशी झाडाशी नाही. ते सगळी जागा खाऊन टाकतं तेव्हा भांडण. वेडी बाभूळ नाल्याच्या काठानं कशी पसरलीय ते बघा. काँग्रेस गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं, आज एकही गाव त्याच्यातून सुटलेलं नाही. आमच्याच धुऱ्यावर वडिलांनी कोणे एके काळी एका योजनेत मिळालेली सुबाभूळ लावली होती, चाऱ्याला होईल म्हणून. चारा झाला थोडे दिवस. आता शेंगा तडकून पडतात अन् रोपटी नको तिथं उगवतात, विहिरीच्या काठावरसुद्धा. दरवर्षी उपटतोय.

उंबर, वड, पिंपळ: यांचं प्रकरण वेगळं

उंबराला फूल दिसत नाही असं आपण म्हणतो. फूल असतं, पण फळाच्या आत. त्या आतल्या फुलांपर्यंत पराग नेणारी एक चिलटाएवढी माशी असते, अन् उंबराची वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. झाडावाचून ती माशी नाही, माशीवाचून त्या झाडाला बी नाही. उंबर फोडल्यावर आतून जे बारीक किडे उडतात अन् आपण नाक मुरडतो, ते हेच.

या झाडांची फळं सगळी एका ठरावीक हंगामात येत नाहीत. एक झाड आत्ता लदलेलं, दुसरं दोन महिन्यांनी. त्यामुळं बाकी काही नसतं तेव्हा हरियालापासून वटवाघळापर्यंत सगळ्यांना यांचा आधार. हरियाल हा आपला राज्यपक्षी. पिवळ्या पायाचं हिरवं कबुतर, वडा-पिंपळाच्या फळांवर जगणारं. पानांत बसलं की दिसत नाही, त्यामुळं गावात असूनही बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. घाटाखाली असो की घाटावर, ज्या गावात जुना वड-पिंपळ शाबूत आहे, तिथं पहाटे मान वर करून बघा.

२०१९ मध्ये टिपेश्वरहून चालत चालत एक वाघ ज्ञानगंगेत आला तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर त्याचीच बातमी होती. वन्यजीव म्हटलं की आपल्याला वाघ, बिबट्या आठवतो. त्यांचं रक्षण करणं वनखात्याचं काम. पण हरियाल, सुगरण, फुलोरी माशी हे आपल्या सातबाऱ्यावर राहतात. त्यांचं बरंवाईट आपल्याच हातात आहे.

धुऱ्यावर काय लावायचं, काय नाही

मोठं झाड धुऱ्यावर लावलं की सावली पडते, मुळं पिकाचं पाणी ओढतात अन् शेजाऱ्याशी वाद होतो. हे खोटं नाही. धुऱ्याच्या वादात माणसं कोर्टात गेलेली आपण पाहतो. म्हणून मोठी झाडं, म्हणजे उंबर, वड, चिंच, करंज, कडुनिंब ही नाल्याच्या काठी, विहिरीजवळ, गोठ्यापाशी, पांदण रस्त्याला. गावात गायरान, स्मशानभूमी, शाळेचं मैदान आहेच. धुऱ्यावर झुडपं लावायची, तीन-चार फुटांवर एक. निरगुडी, तरवड, मधूनच एखादी बोर. मध्ये रुई आपोआप येते, येऊ द्यायची. काही करण्याआधी शेजाऱ्याच्या कानावर घाला. धुरा दोघांचा असतो.

निरगुडी अन् तरवड यांचा एक मोठा फायदा म्हणजे बकऱ्या यांना सहसा खात नाहीत. ज्या गावात बकऱ्या मोकळ्या फिरतात तिथं याशिवाय दुसरं काही टिकणं अवघड. निरगुडीची पेराएवढी जाड कांडी पावसाच्या तोंडाला रोवली की फुटते, पैसा लागत नाही. दोन-तीन वर्षांत दाट कुंपण होतं अन् वर्षातला बराच काळ निळसर फूल राहतं.

करंजाच्या शेंगा आता झाडाखाली पडलेल्या आहेत, आजच गोळा करता येतात. जूनमध्ये पिशवीत लावल्या की सहज उगवतात. पळसाच्या चपट्या शेंगा मे महिन्यात वाळून पडतील, त्या ताज्याच लावाव्यात. निंबोळी फार दिवस टिकत नाही, पडली की आठवड्या-दोन आठवड्यांत जमिनीत गेली पाहिजे. बाभळीचं बी टणक असतं. गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा. त्याहून सोपं म्हणजे मेंढ्या-बकऱ्या बसतात त्या जागेवरच्या लेंड्यांमधलं बी घ्या. जनावराच्या पोटातून आलेलं बी लवकर उगवतं, हे मेंढपाळांना कोणी शिकवावं लागत नाही. बोरीच्या बियांचं वरचं कवच हलक्या हातानं फोडावं. पांगारा, शेवगा अन् वड यांचा हाताच्या मनगटाएवढा खुंट रोवला तरी जगतो. तयार रोपं हवी असतील तर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत जा, पण तिथं गेल्यावर झाडाचं नाव घेऊन मागा. ‘झाडं द्या’ म्हटलं की जे जास्त शिल्लक असतं ते गाडीत टाकून देतात.

रोपाभोवती बोरीच्या काट्या लावायला विसरू नका. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. हे दोन उन्हाळे जमणार नसतील तर दहाच झाडं लावा, शंभर लावून फोटो काढू नका.

परसात जागा कमी असते, पण मोरीचं पाणी असतं. तिथं कडीपत्ता, लिंबू, तुळस, शेवगा, अडुळसा. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्याच खुडू नका, एखाद-दुसरं रोप फुलू द्या, माशी दिवसभर येते. उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवता त्यात दोन-तीन दगड टाका. पाखरू काठावर बसून पिऊ शकतं, माशी बुडते. दगडावर बसून तिलाही पिता येतं.

जिथं सांभाळायला पाहिजे

देशी झाड लावलं की सगळं चांगलंच होतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिला पाऊस पडला की संध्याकाळी जमिनीतून हुमणीचे भुंगेरे निघतात अन् कडुनिंब, बाभूळ, बोर यांचीच पानं खायला जमतात. तिथून खाली येऊन अंडी घालतात अन् पुढं अळ्या सोयाबीनची, उसाची मुळं खातात. म्हणून कोणी झाडच तोडतं. झाड तोडल्यानं भुंगेरे थांबत नाहीत, ते पुढच्या झाडावर जातात. उलट झाड असलं तर ते एका जागी सापडतात. अंधार पडल्यावर आठ-साडेआठच्या सुमाराला आकडीनं फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. पहिल्या पावसानंतरचे काही दिवस हे सगळ्या गावानं मिळून केलं तर फरक पडतो. एकट्यानं केलं तर शेजारचे भुंगेरे येतात.

दुसरं, संत्रा, मोसंबी किंवा डाळिंबाची बाग असेल तर तिच्याजवळ गुळवेल अन् वासनवेल वाढू देऊ नका. रात्री येऊन फळाला सोंड खुपसून रस पिणारा जो पतंग आहे, त्याच्या अळ्या याच वेलींवर वाढतात. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या संत्रावाल्यांनी हे खास लक्षात घ्यावं. गुळवेल औषधी आहे, ती बागेपासून लांब असू द्या.

तिसरं पऱ्हाटीवाल्यांसाठी. धुऱ्यावर पेठारी, रानभेंडी अन् काँग्रेस गवत असेल तर ते काढा, पिठ्या ढेकूण त्यावरून कपाशीवर येतो. धुऱ्यावर सगळंच वाढू द्यायचं असं नाही. काय ठेवायचं अन् काय उपटायचं, हे ओळखायचं.

अन् फवारणी. कांदा फुलात असताना फुलकिड्यांसाठी औषध मारणं टाळता आलं तर टाळा. मारावंच लागलं तर माशी घरी गेल्यावर, दिवस मावळताना. सकाळी दहाला पंप पाठीवर घेऊन निघालं तर भाड्याच्या पेटीतली माशीही मरते अन् पेटीवाला पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. धुऱ्यावर तणनाशक मारायची नवी पद्धत पडलीय, तीही जमेल तेवढी बंद करा. गवत विळ्यानं कापून गुरांना टाका, पेटवू नका. यावर्षी सगळा धुरा तसाच ठेवणं जमत नसेल तर निम्मा ठेवा अन् पुढच्या वर्षी उरलेला निम्मा. तेवढ्यानंही माशीला एका बाजूला घर राहतं.

बांधावर किंवा पडीक जागेवर झाडं लावायला रोजगार हमीच्या कामातून मदत मिळते का, कोणती झाडं त्यात बसतात, याची चौकशी ग्रामरोजगार सेवकाकडं आत्ताच करून ठेवा. जून लागल्यावर पेरणीच्या गडबडीत ते होत नाही. खड्डे एप्रिल-मेमध्ये घेतले तर ऊन लागून माती मोकळी होते.

तोवर एक करता येईल. उद्या सकाळी दहा वाजता कांद्याच्या वावरात जा. दहा गोंडे निवडा, प्रत्येकापाशी मिनिटभर थांबा अन् किती माश्या आल्या ते मोजून मोबाईलमध्ये टिपून ठेवा. मोठी काळी, बारीक काळी, पट्ट्याची, जी दिसेल ती. पुढच्या वर्षी याच तारखेला परत मोजा.